मांडीतले जाते

गेल्या जुलैतली गोष्ट. पावसाने दोन दिवस उसंत घेतली नव्हती, कोथरूडच्या आमच्या इमारतीच्या जिन्यात ओल्या छत्र्यांचा कुबट वास कोंडला होता आणि मी शाळेत निघण्याच्या घाईत दाराला कुलूप लावत होते. इतक्यात समोरच्या शैलाताईंनी दार अर्धवट उघडून हाक मारली. "बाई, दोन मिनिटं आहेत का हो?" त्या आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात हे मला ठाऊक होते. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी सकाळी त्यांची रिक्षा खाली उभी असते, आणि दुपारी परत येताना त्या जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबतात. त्यांनी डाव्या हाताची बाही वर सारली. मनगटापासून कोपराकडे एक शीर जुन्या वेलाच्या खोडासारखी वळसे घेत वर आली होती आणि तिच्यावर सुयांच्या बारीक खुणांच्या दोन रांगा होत्या. "जरा इथं बोटं ठेवून सांगता का, थरथरतंय ना? शुगरमुळे माझ्या बोटांना हल्ली काही कळतच नाही. रोज हे बघतात, पण ते काल नाशिकला गेलेत." मी छत्री भिंतीला टेकवली, दोन बोटे त्या शिरेवर ठेवली, आणि तापल्या तव्याला लागावा तसा माझा हात झटकन मागे आला. "थरथरतंय," एवढेच मी म्हणाले, छत्री उचलली आणि निघाले. पहिल्या वळणावरून वर पाहिले तेव्हा त्या बाही खाली ओढत होत्या, पुन्हा पुन्हा, ती मनगटापर्यंत पोहोचली होती तरीही.

त्यांना वाटले असणार, मला किळस आली.

दिवसभर वर्गात मी संस्कृतची रूपे फळ्यावर लिहीत होते आणि बोटांच्या टोकांवर ती थरथर तशीच होती. नाडीचा ठोका आपल्या सर्वांच्या ओळखीचा असतो. तो येतो, थांबतो, पुन्हा येतो. ही थरथर थांबत नव्हती. ती अखंड होती, ठोक्याबरोबर जोर धरत होती आणि मग थोडी उतरत होती, पण तुटत नव्हती. असा स्पर्श मला याआधी आयुष्यात एकाच ठिकाणी झाला होता, माझ्या काकांच्या उजव्या मांडीवर. आणि तो थांबल्यालाही तीस वर्षे होत आली होती. शैलाताईंना हे त्याच क्षणी सांगायला हवे होते. मी सांगितले नाही, आणि पुढचे चार दिवस त्यांच्या दाराची चाहूल घेऊन मगच जिना उतरत राहिले.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांनी लग्न केले नाही. ते आमच्यातच राहत. एका छापखान्यात ते अक्षरांचे खिळे जुळवायचे काम करत, म्हणजे दिवसाचे आठ तास खिळ्यांच्या कप्प्यांपुढे उभे. रविवारी दुपारी सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत ते भिंतीला पाठ लावून, पाय पसरून वर्तमानपत्र वाचत बसत आणि मी त्यांच्या उजव्या मांडीवर डोके टेकून झोपत असे. डाव्या मांडीवर झोपण्यात मला गोडी नव्हती, कारण उजव्या मांडीत आवाज होता. कान नीट टेकवला की आतून घर्र… घर्र… असे काहीतरी फिरत असल्याचे ऐकू येई, एका लयीत, दर फेरीला थोडे जोरात. आजी भाजणी दळायला बसली की तिच्या जात्याचा आवाजही असाच येत असे: हाताने खुंटा ओढला की भारी, आणि फेरी पलीकडे गेली की हलका. म्हणून मी ठरवून टाकले होते की नानांच्या मांडीत जाते आहे. "नाना, आज काय दळताय?" मी विचारत असे, आणि ते वर्तमानपत्रातून मान वर न काढता सांगत, "आज हरभऱ्याची डाळ. उद्या तुला बेसनाचे लाडू." वाड्यातली मुले रांगेने ते जाते ऐकायला येत. नाना धोतर गुडघ्यावर सारून मांडीच्या आतल्या बाजूला एक बोटभर पांढरा व्रण दाखवत आणि म्हणत, "इथून धान्य घालायचं." थंडीच्या दिवसांत ती मांडी दुसरीपेक्षा उबदार लागत असे, हेही मला पक्के आठवते. आजी, आई, बाबा, कोणालाच या आवाजात वावगे वाटले नाही. नाना गोरे होते, नानांचे अक्षर सुंदर होते आणि नानांच्या मांडीत जाते होते.

तो व्रण पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुरातला होता. १२ जुलै १९६१ विषयी पुण्याच्या माणसाला मी नव्याने काय सांगावे? आमच्या घरात त्या दिवसाची आठवण पाण्यापेक्षा चिखलाची अधिक होती. नारायण पेठेतल्या नदीकडच्या वाड्यात वरच्या मजल्याच्या उंबऱ्यापर्यंत पाणी चढले आणि उतरताना सगळीकडे गुडघाभर गाळ टाकून गेले. दुसऱ्या दिवशी एकोणीस वर्षांचे नाना आजीची देवाची पेटी शोधायला त्या गाळात उतरले. जिन्याची लाकडे सुटली होती. पाय घसरला आणि पडलेल्या भिंतीतून वर आलेला खिडकीचा तुटका गज त्यांच्या मांडीत घुसला. जखम रुंद नव्हती, खोल होती. रक्त पिचकारीसारखे उडाले, असे नाना सांगत, आणि ते सांगताना हाताने कारंजे दाखवत. त्यांनी उपरणे दुमडून त्यावर दाबले, दुसऱ्याने ते करकचून बांधले आणि काही वेळाने रक्त थांबले. निर्वासितांच्या छावणीत कोणीतरी चार टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. दहा दिवसांनी टाके निघाले. ज्या शहरात हजारो घरे बसली होती, वीज नव्हती, पिण्याच्या पाण्यासाठी रांगा होत्या, तेथे बोटभर व्रण घेऊन चालू लागलेल्या तरुणाकडे दुसऱ्यांदा पाहायला कोणाला सवड असणार? देवाची पेटी सापडली. जखम भरली.

'भरली' हा शब्द आपण किती सहज वापरतो. खपली धरली, खपली पडली, नवी कातडी आली की जखम भरली. नानांच्या कातडीने आपले काम चोख केले होते. आत काय झाले ते आम्हांला तेहेतीस वर्षांनी कळले. आमच्या वेळच्या शालेय पुस्तकात हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी आणि परत आणणारी ती नीला अशी नावे होती. मला ती अजूनही आवडतात, शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन बहिणींची वाटतात. मांडीत त्या अगदी एकमेकींना खेटून जातात. गजाच्या टोकाने दोघींच्या भिंतींना एकाच वेळी भोक पाडले. रोहिणीतले रक्त दाबाने धावते, नीलेतले संथ असते. बाहेर दाबून धरल्यावर रोहिणीतल्या रक्ताला शेजारची वाट सापडली आणि ते थेट नीलेत शिरू लागले. बाहेरचे रक्त थांबले ते काहीसे यामुळेच. पुढे त्या दोन भोकांच्या कडा एकमेकींना जुळून आल्या आणि कायमची आडवाट तयार झाली. खाली पायापर्यंत जाऊन, केसासारख्या बारीक वाहिन्यांतून झिरपून, पेशींना प्राणवायू देऊन मग परत यायचे, हा रक्ताचा नेहमीचा फेरा. त्यातले बरेचसे रक्त आता अर्ध्या वाटेवरूनच माघारी वळत होते, आणि त्या अरुंद वाटेतून दाबाने घुसताना जो खळाळ होतो, तो माझे जाते होते. स्कॉटिश वैद्य विल्यम हंटर यांनी १७५७ सालीच अशा रुग्णांचे वर्णन करून ठेवले आहे. त्या काळी दूषित रक्त काढण्यासाठी कोपराच्या खोबणीतली शीर फोडत असत. पाते जरा खोल गेले की शिरेखालच्या रोहिणीलाही भोक पडे आणि तेथे अशीच थरथर व सूं सूं आवाज सुरू होई.

पुढची वर्षे आम्ही डोळ्यांनी पाहिली, आणि प्रत्येक खुणेला आमच्याकडे एक कारण तयार होते. प्रथम उजव्या पोटरीवर शिरा फुगल्या. छापखान्यात उभे राहून होतातच, असे सगळे म्हणाले, आणि नानांच्या शेजारी उभे राहणाऱ्यालाही त्या होत्या, म्हणून शंका उरली नाही. संध्याकाळी पाऊल सुजे, चपलेचा पट्टा रुते. आई गरम पाण्यात मीठ घालून बादली ठेवत असे. मग घोट्याच्या वरची कातडी तपकिरी होऊ लागली, लोखंडाला गंज चढतो तशी कडेकडेने पसरत. ही उपमा मी लहानपणी केली होती. पुढे समजले की ती बरीचशी खरी होती, कारण नीलेतला दाब वाढला की बारीक वाहिन्यांतून तांबड्या पेशी बाहेर झिरपतात, फुटतात आणि त्यांच्यातले लोह कातडीत साठून राहते. मी कॉलेजात असताना घोट्याच्या आतल्या बाजूला एक लहान जखम झाली, डास चावून खाजवल्याची असावी तशी. ती भरली नाही. हळद झाली, कडुलिंबाचे पाणी झाले, मलमे झाली, पेनिसिलीन झाले. दोन डॉक्टरांनी व्हेरिकोज व्हेन्स म्हणून पट्टी बांधायला सांगितले, एकाने साखर तपासली. ती जखम उकडीच्या मोदकाएवढी झाली, तिला वास येऊ लागला, आणि नाना जेवायला आमच्यापासून थोडे दूर बसू लागले. तोपर्यंत आमची वयेही मांडीवर कान ठेवण्याची उरली नव्हती. जाते चालू आहे की नाही, हे वर्षानुवर्षे कोणी ऐकले नव्हते. नाना एकटे ऐकत असतील. त्यांनी त्याविषयी कोणत्याही डॉक्टरला अवाक्षर सांगितले नाही, कारण त्यांच्या लेखी पाय घोट्याशी दुखत होता आणि जाते मांडीत होते. एकाचा दुसऱ्याशी संबंध असेल असे त्यांच्या मनात आले नाही.

माझ्या मनात तरी कुठे आले होते?

१९९४ च्या चैत्रात नाना पर्वतीच्या अर्ध्या पायऱ्यांवर बसले आणि उठेनात. धाप लागली होती, ओठ काळसर झाले होते, दोन्ही पावले सुजली होती. बावन्न वर्षांचा, विडीकाडी न करणारा माणूस. इस्पितळात हृदय मोठे झाल्याचे छातीच्या फोटोत दिसले, आणि हृदयाच्या झडपा, रक्तदाब, थायरॉइड असा शोध दोन दिवस चालला. तिसऱ्या रात्री एक शिकाऊ डॉक्टर मुलगी आली. तिने घोट्याची पट्टी सोडली, जखम पाहिली, मग दिव्याचा प्रकाश वर वर नेत मांडीवरच्या त्या पांढऱ्या व्रणाशी थांबली. "हे काय आहे, आजोबा?" नाना म्हणाले, "ते जुनं आहे. भरलंय केव्हाच." तिने स्टेथोस्कोप छातीवरून काढून तेथे ठेवला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिने डोळे मिटले, आणि माझ्या बालपणीच्या सगळ्या रविवार-दुपारी मला त्या मिटलेल्या डोळ्यांत दिसल्या. तिने काय ऐकले हे मला तिने सांगायची गरज नव्हती. मी म्हणाले, "ते जातं आहे." तिने चमकून पाहिले. मग मी तिला सगळे सांगितले, आणि सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला.

दुसऱ्या दिवशी सर्जन आले. मला त्यांनी नानांची मनगटाची नाडी धरायला सांगितली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मोजायला लावले. मिनिटाला अठ्ठ्याण्णव. मग त्यांनी व्रणावर अंगठा ठेवला, त्यावर दुसऱ्या हाताचा अंगठा ठेवून पूर्ण भार दिला. माझ्या बोटांखालची नाडी मंदावली. हळूहळू नाही, दमलेला माणूस दारात येऊन ओझे खाली ठेवतो तशी, एकदम. चौऱ्याहत्तर. त्यांनी अंगठा उचलला, आणि काही क्षणांत ती पुन्हा धावू लागली. या खुणेला निकोलादोनी आणि ब्रॅनहॅम या दोघांची नावे आहेत, एकाने ती १८७५ मध्ये नोंदली आणि दुसऱ्याने १८९० मध्ये. आडवाट बंद झाली की हृदयाला कळते की आता एवढे पळायला नको. तेहेतीस वर्षे नानांचे हृदय शरीराला लागणारे रक्त तर देत होतेच, शिवाय मांडीतून फुकट माघारी फिरणारे रक्तही पुन्हा पुन्हा उपसत होते. खाली पाऊल उपाशी आणि वर नीला तुंबलेली, म्हणून घोट्याची जखम भरत नव्हती. आणि या दुहेरी कामाने शेवटी हृदय थकले होते. गंजासारखा डाग, सूज, चिघळलेली जखम, धाप, या सगळ्यांची मुळे त्या बोटभर व्रणाखाली होती. तो क्षण मला आजही हातात धरल्यासारखा आठवतो. माझ्या बोटांखाली नाडी विसावली तेव्हा नानांनी खोल श्वास घेतला आणि विचारले, "काय केलंत हो? एकदम बरं वाटलं."

१९६१ मध्येच हे कळले असते तर, हा प्रश्न मी सर्जनना विचारला, कदाचित अपराधाचा काही भाग दुसऱ्या कोणाकडे जावा म्हणूनही. त्यांनी दिलेले उत्तर मला दिलासा देणारे नव्हते, तरी ते प्रामाणिक होते. रक्तवाहिनी शिवण्याची विद्या तेव्हा होती. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांचा लिऑन शहरात भोसकल्यामुळे मृत्यू झाला, तुटलेली मोठी रक्तवाहिनी शिवणे तेव्हाच्या सर्जनांना जमत नव्हते, आणि त्या शहरातल्या आलेक्सी कारेल नावाच्या तरुण डॉक्टरने पुढे एका कशिदा काढणाऱ्या बाईकडून बारीक सुईचे काम शिकून ती युक्ती बसवली. १९१२ चे नोबेल त्याला त्याबद्दल मिळाले. पण विद्या असणे वेगळे आणि ती रुजणे वेगळे. दुसऱ्या महायुद्धातही जखमी रोहिणी बहुतेक वेळा बांधूनच टाकत, आणि तशा सैनिकांपैकी जवळपास निम्म्यांचे हातपाय कापावे लागल्याचा हिशेब डिबेकी आणि सिमिओन या अमेरिकन सर्जनांनी १९४६ मध्ये मांडला. कोरियाच्या युद्धात शिवण्याचा आग्रह धरला गेला तेव्हा ते प्रमाण शंभरात तेरापर्यंत उतरले. म्हणजे पानशेत फुटले त्या वर्षी ही गोष्ट जेमतेम दहा वर्षांची होती. "तेव्हा कळलं असतं तर कदाचित पायच गेला असता," सर्जन म्हणाले. "पण दहा वर्षांनी कळायला हरकत नव्हती. वीस वर्षांनी तर नव्हतीच."

मी हिशेब केला. वीस वर्षांनी म्हणजे १९८१. मी तेव्हा सात वर्षांची होते, आणि माझा कान बरोबर त्या जागी होता.

त्या उन्हाळ्यात मी घरातली सुश्रुतसंहितेची जुनी प्रत काढून शारीरस्थान वाचले. एकशेसात मर्मांची यादी आम्ही परीक्षेपुरती पाठ केलेली होती: सद्य प्राण घेणारी एकोणीस, कालांतराने घेणारी तेहेतीस, वैकल्य आणणारी चव्वेचाळीस. या वेळी मी मांडी शोधत होते. मांडीच्या मधोमध 'ऊर्वी' नावाचे मर्म सांगितले आहे, ते शिरामर्म, वैकल्यकर. तेथे इजा झाली तर रक्त क्षीण होऊन मांडी सुकते. मला एवढे तरी दिसले की दुखापतीने लगेच मरणारे, काही काळाने मरणारे आणि न मरता पंगू होणारे असे वेगळे कप्पे करावेत, हे त्या माणसाला सुचले होते. त्याने जखमांकडे टाके निघाल्यानंतरही पाहिले असणार. तसे पाहत राहिल्याशिवाय हे कप्पे करता येत नाहीत.

तेव्हापासून माझी नजर बदलली आहे. शाळेत माझ्या वर्गात एक मुलगा होता, चिंचेच्या झाडावरून पडून त्याचे कोपर मोडले होते आणि हाडवैद्याने कामट्या करकचून बांधल्या होत्या. कामट्या निघाल्या, हाड जुळले, पण त्याची बोटे पक्ष्याच्या पंजासारखी आत वळली ती वळलीच. तो डाव्या हाताने लिहायला शिकला. आम्ही समजत होतो, हाड वाकडे बसले. फोकमान नावाच्या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये याचे कारण लिहिले आहे: रक्त न मिळाल्याने पुढच्या हाताचे स्नायू काही तासांत मरतात आणि मग दोरीसारखे आखडतात. तो मुलगा पट्टीच्या आत दोन दिवस रडत होता, असे त्याची आई सांगत असे. कर्वे रस्त्यावर कोणी दुचाकीवरून पडला आणि लोकांनी त्याला उभे करून "काही नाही, गुडघा मुरगळलाय" असे म्हटले, की माझे लक्ष त्याच्या गुडघ्याच्या मागच्या लवणीकडे जाते. तेथे रोहिणी घट्ट धरलेली असते. गुडघा निखळून आपोआप जागेवर आला तरी ती आतून फाटलेली असू शकते, आणि मांसाला रक्तावाचून धीर निघतो तो साधारण सहा तास. मी दोनदा अनोळखी मुलांना सांगितले आहे की पावलावरची नाडी डॉक्टरांकडून तपासून घ्या, एक्सरेवर भागवू नका. एकाने ऐकले. आणि जुन्या जखमेशेजारी ठोक्याबरोबर उडणारी गाठ दिसली तर ती गळू समजून कोणालाही फोडू देऊ नये, हे मी आमच्या कामवाल्या मावशींना, भाजीवाल्याला, भेटेल त्याला सांगते. वाहिनीच्या भोकातून बाहेर आलेले रक्त आसपासच्या मांसाने थोपवून धरलेले असते, आणि त्यावर पाते लागले की ते थोपवणे संपते.

नानांचे ऑपरेशन सहा तास चालले. इतक्या वर्षांत नीला अंगठ्याएवढी जाड झाली होती आणि तिच्या फांद्या सगळीकडे पसरल्या होत्या, त्यामुळे रक्त फार गेले. दोन्ही बहिणींना वेगळे केले, नीलेचे भोक शिवले आणि रोहिणीचा खराब झालेला तुकडा काढून तेथे डाव्या पायातली शीर जोडली. हृदय काही महिन्यांत बरेच आटोपशीर झाले. घोट्याची जखम दिवाळीच्या सुमारास भरली, या वेळी खरोखर. गंजाचा डाग मात्र गेला नाही आणि तुंबून तुंबून आतल्या झडपा निकामी झालेल्या असल्याने संध्याकाळची सूजही पूर्ण गेली नाही. नाना शेवटपर्यंत घट्ट मोजा घालत. आणखी एक गोष्ट झाली, जी मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. घरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या रात्री मी पाणी प्यायला उठले तेव्हा नाना अंथरुणात बसलेले होते. "दुखतंय का?" मी विचारले. ते म्हणाले, "नाही गं. फार शांत झालंय. झोपच येत नाही." त्यांचा हात मांडीवर होता, व्रणाच्या जागी, जेथे आता नवी लांब चीर होती. मी त्यांच्याजवळ बसले. वीस वर्षांची, लग्नाला आलेली मुलगी मी; तरीही मी डोके खाली नेऊन चादरीवरून कान टेकवला. काहीही ऐकू आले नाही. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही, पण डोळ्यांतून पाणी आले ते त्या आनंदाचे नव्हते. नानांनी माझ्या केसांवरून हात फिरवला आणि विचारले, "आता दळण कुठं न्यायचं?"

नाना त्यानंतर सतरा वर्षे जगले.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, मी शाळेला निघायच्या अर्धा तास आधी शैलाताईंचे दार वाजवले. त्यांनी उघडले, पण बाही खालीच होती. उजव्या हातात चार हिरव्या बांगड्या आणि डाव्यात एकही नाही, हे मी तेव्हा प्रथम नीट पाहिले. त्या हाताला बांगडी चालत नाही, पिशवीचा भार चालत नाही, त्यावर रक्तदाब मोजायचा नाही, त्यावर कूस घेऊन झोपायचे नाही. मी त्यांना नानांविषयी सांगितले, गजापासून जात्यापर्यंत सगळे, आणि हात का मागे घेतला तेही. त्या मन लावून ऐकत होत्या. मग त्यांनी मला त्यांच्या हाताची गोष्ट सांगितली: मनगटाजवळ रोहिणी आणि नीला मुद्दाम एकमेकींना जोडायच्या, म्हणजे नीला फुगते, जाड होते, सुई सोसते आणि यंत्राला पुरेल इतक्या वेगाने रक्त देते, हे जोडल्यावर पिकायला सहा-सात आठवडे थांबावे लागले. ही युक्ती न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये जगापुढे ठेवली, नानांच्या अपघातानंतर पाचच वर्षांनी. "आम्हांला तिथं शिकवलंय," शैलाताई म्हणाल्या, "रोज सकाळी हात लावायचा. थरथर थांबली की लगेच निघून यायचं." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "म्हणजे तुमच्या काकांचं बंद केलं, आणि माझं बंद पडू द्यायचं नाही."

त्यांनी बाही वर सारली. मी दोन बोटे ठेवली आणि या वेळी ती तेथेच राहू दिली. शीर कोमट होती, सुयांच्या खुणा बोटांना खरखरीत लागत होत्या, आणि खाली ती अखंड थरथर. "आवाज येतो का हो याचा?" त्यांनी विचारले. तपासायला येणारे नळी लावून ऐकतात, पण त्यांना स्वतःला तो कधी ऐकवला नव्हता. मी त्यांना हात कानाशी धरायला सांगितले. त्यांनी कोपर वाकवून मनगट कानाला लावले, मान तिरपी केली आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. काही क्षणांनी त्यांचे डोळे मोठे झाले. मग त्यांनी हात माझ्यापुढे केला. मी वाकून कान टेकवला. खाली रिक्षावाल्याने एकदा हॉर्न दिला, मग पुन्हा दिला.

"थांबू दे त्याला जरा," शैलाताई म्हणाल्या.